उद्घाटनाचा चेंडू

सुदाम राठोड कसला माणूस आहे हे समजून घ्यायचं असंल तर एकदा त्याच्या जीपमधी बसा. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली, दिवसभर त्याच्या फेऱ्या चालू असतात. राहतो बंजारा तांड्यावर. फारसा बोलत न्हाई, हसत तर त्याहून न्हाई. पण कोण काय बोललं ते विसरायचं त्याला येतच न्हाई. सेनगावच्या एका टपरीवाल्यानं मागं कधी तरी त्याला गारढोण चहा दिला अन् वरून म्हणला, "तांड्यावर काय रोज गरम भेटतो का?" झालं. तवापासून सुदाम त्या टपरीसमोर जीप थांबवत न्हाई. पॅसेंजर बोंबलतात, "अहो, चहा तर पिऊ द्या," तर हा गाडी पुढं दामटतो अन् दुसऱ्या टपरीपाशी लावतो. तो टपरीवाला मेला, आता त्याचं पोरगं बसतं तिथं. मी म्हणलं, "अरे बाबा, बोलणारा गेला की वर." तर म्हणतो कसा, "टपरी तर जिती हाय ना."

असल्या माणसाची भर मैदानात बेइज्जती करायची म्हणजे काय, हे जवळ्याच्या त्या रविंद्रला कळायला पाहिजे होतं. न्हाई कळलं. मग कळवावं लागलं.

मी मुन्ना. गोरेगावच्या बसस्टँडपाशी माहं कटिंगचं दुकान आहे, अन् नवतरुण क्रिकेट क्लबचा मी विकेटकीपर. क्लबच्या नावावर जाऊ नका, तरुण म्हणावं असं आमच्यात कोणीच राहिलं न्हाई. मी खाली बसलो की गुडघे असे वाजतात की बॅटिंगवाला मागं वळून पाहतो. पण सुदाम बॉलिंगला असला की आमच्या टीमला पाहायला चार गावचे लोक यायचे. टेनिस बॉलवर एवढा जोर हिंगोली जिल्ह्यात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला न्हाई. चेंडू हातमोज्यात बसला की तळवा झिणझिणायचा, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची दाढी करताना वस्तरा धरवायचा न्हाई.

अन् त्याचा उजवा हात वाकडा. लपवायचं काय त्यात? लहान असताना बोरीच्या झाडावरून पडला, कोपर निखळलं. तांड्याजवळ दवाखाना न्हाई, रस्ता न्हाई. त्याच्या आईनं, मिराबाईनं, लेकरू पाठीला बांधलं अन् ओढा तुडवत वैदूकडं नेलं. वैदूनं कामट्या बांधल्या, पाला थापला, अन् कोपर बसलं ते वाकडंच बसलं. आजपर्यंत सरळ होत न्हाई. सुदामनं कधी मनावर घेतलं न्हाई, पण मिराबाईनं घेतलं. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आमी क्लबवाले बी तिला याडीच म्हणतो. ती जेवायला वाढताना एकदा तरी सुदामच्या कोपराकडं पाहतेच. "मीच नेलं व्हतं त्या मुडद्याकडं," असं पुटपुटते. एवढी वर्षं झाली, तरी पुटपुटते.

आता जवळ्याचं ऐका. मागच्या सीझनची फायनल जवळा बाजारला होती. जवळ्याची टीम तिथलीच, कॅप्टन रविंद्र. पांढरेशुभ्र बूट, डोळ्यावर गॉगल, अन् बॅटिंगला येताना असा यायचा जसा मैदानाचा सातबारा त्याच्या बापाच्या नावावर आहे. सुदामनं त्यांचे वरचे तिघं घरी धाडले. मग हा आला. पहिलाच चेंडू त्याच्या नाकासमोरून गेला, माह्या मोज्यात थाडकन वाजला, अन् गडी पांढरा पडला. मी मागून पाहिलं ना! घाबरला होता लेकाचा. अन् घाबरला म्हणून बॅट उचलून पंचाला म्हणतो, "आक्षेप. हा फेकी आहे."

फेकी म्हणजे काय, तर हात कोपरात मोडून चेंडू दगडासारखा फेकणं. आमच्याकडच्या स्पर्धांमधी कोणी असा आक्षेप घेतला की निकाल स्पर्धा भरवणारे देतात. भरवणारे कोण? त्याचेच लोक. सुदाम सरळ त्यांच्यापुढं गेला, बाही वर केली, म्हणला, "भाऊ, हा हात सरळच होत न्हाई. जो सरळ होत न्हाई तो मोडू कसा? फेकू कसा?" बराबर बोलला होता. पण ऐकतं कोण! रविंद्र मंडपात गेला, कॉमेंट्रीवाल्याच्या हातातून माइक घेतला अन् आख्ख्या मैदानाला ऐकवलं, "याच्या आईनंच याला वाकडा जन्माला घातला, त्याला पंच तरी काय करतील!"

लोक हसले. हजारानं माणूस होतं, खो खो हसलं. सुदामनं चेंडू पंचाच्या हातात दिला अन् बाउंड्रीवर जाऊन उभा राहिला. मॅच आमी हरलो, ते सोडा. मॅच तर हरतोच आपण.

कोणी तरी ते सगळं मोबाइलात घेतलं होतं. चार दिवसात ते हिंगोलीपर्यंत गेलं, तिथून फिरत तांड्यावर आलं अन् मिराबाईच्या हातात पडलं. याडी गोरेगावच्या बाजारात भाजी घेऊन बसते. मेथी, हिरव्या मिरच्या, दिवस असतील तसं. तिची जागा ठरलेली, गिऱ्हाईक ठरलेलं. एका दीडशहाण्यानं मिरच्या निवडता निवडता विचारलं, "मावशी, ह्या तुमच्याच रानातल्या काय? सगळ्या वाकड्या हायेत म्हणून विचारलं." याडीनं त्याच्या हातातल्या मिरच्या काढून टोपलीत टाकल्या. पोतं गुंडाळलं, टोपली डोक्यावर घेतली अन् चालत तांड्यावर गेली. त्यानंतर बाजारात आली न्हाई. सुदाम म्हणला, "याडी, चल, मी जीपमधी नेतो." तर ती म्हणली, "तो जसा लोकांसमोर बोलला तसंच लोकांसमोर त्याचं तोंड बंद कर. मंग ने मला बाजारात."

अन् सुदामची गत काय? जिल्ह्यातल्या प्रत्येक स्पर्धेच्या पत्रकावर नवीन ओळ छापून येऊन राहिली, 'फेकी बॉलिंग चालणार नाही.' नाव न्हाई लिहिलं कोणी. लिहायची गरजच न्हाई ना! सुदाम टीममधी असूनही बाउंड्रीवर उभा. मी सांगतो, माही तर झोप उडाली होती रागानं. जवळ्याचा एक पाहुणा दुकानात मिशी कोरायला आला, त्याची डावी बाजू मी जरा जास्तच कोरली. मुद्दाम. त्यानं आरशात पाहिलं अन् शिव्या देत गेला. मला बरं वाटलं, पण त्यानं काय होतंय? मिशी काय, परत येते.

सुदाम मात्र जीपच्या फेऱ्या मारत राहिला. दिवाळी झाली, देवस्थानच्या रानातलं सोयाबीन निघालं. ते रान म्हणजेच आमचं मैदान. आमच्या क्लबचे अध्यक्ष विष्णुपंत, मंदिराचे पुजारी. सोयाबीन निघालं की ते दरवर्षी ती जमीन क्लबला देतात, पाऊसकाळ येईपर्यंत. तर विष्णुपंतांनी एका सकाळी सगळ्यांना मंदिरात बोलावलं अन् सांगितलं, "यंदा संक्रांतीनंतरची पहिली स्पर्धा आपल्याकडे आहे. सगळा जिल्हा येणार. मैदान झकास झालं पाहिजे." मी विचारलं, "जवळ्याची टीम?" ते म्हणाले, "येणार की. का नाही येणार?"

मी सुदामकडं पाहिलं. तो उठला, चपला घातल्या अन् त्याच दिवशी कामाला लागला.

आमच्या काळ्या रानात मैदान करणं म्हणजे थट्टा न्हाई. सोयाबीनची धसकटं बुटातून घुसतात. ती हातानं उपटायची, ढेकळं फोडायची, भेगा बुजवायच्या. मग मधोमध पीच. खाली मुरूम, वर चाळलेली काळी माती, पाणी मारायचं अन् सिमेंट भरलेला ड्रम ओढायचा. ओढायचा, ओढायचा, पुन्हा पाणी मारायचं, पुन्हा ओढायचा. शेवटी खळ्यासारखं शेणानं सारवायचं. दरवर्षी ड्रम ओढायला मला पोरांच्या पाया पडावं लागतं. यंदा सुदाम पहाटे एकटाच ओढायचा. तोंडातून वाफा निघून राहिल्या, अंगावर बनियन, अन् गडी दात खाऊन ओढतोय. मी म्हणलं, "हळू, पीच हाय ते, रविंद्रची छाती न्हाई." तर म्हणला, "मला तीच दिसून राहिली."

अन् डावा हात! ते सांगायचं राहिलंच. उजव्यानं टाकला तर पुन्हा फेकी म्हणणार, म्हणून हा पठ्ठ्या डाव्या हातानं बॉलिंग शिकायला लागला. छत्तिशी ओलांडलेला माणूस. मी म्हणलं, "सुदाम, या वयात?" त्यानं सांगितलं, "गिअर तर डाव्यानंच टाकतो." जसा काय गिअर टाकणं अन् यॉर्कर टाकणं एकच! पहिले आठ दिवस तर विचारू नका. एक चेंडू तुरीत, एक बाभळीत, एक विष्णुपंतांच्या गाईच्या पाठीवर. गाय मैदानाच्या बाजूला यायचीच बंद झाली. मी स्टंपामागं बसायचो अन् चेंडू माह्या डोक्यावरून जायचे, बाजूनं जायचे, एकदा तर मागच्या मागं गेला, कसा गेला देव जाणे.

त्याला चेव यावा म्हणून मी एक काम केलं. औंढ्याच्या रस्त्यावर रविंद्रच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता, पुरुषभर उंच, हात जोडलेला, दात काढलेला. मी तो एका दुपारी सोडून आणला. कसा आणला ते इचारू नका. स्टंपाच्या मागं दोन बांबूंना ताणून बांधला. आता सुदाम धावत यायचा ते सरळ त्या दातांवर. बघता बघता चेंडू फ्लेक्सवर बसायला लागला. गुडघ्यावर, मग मांडीवर, मग स्टंपावर. हुरड्याचे दिवस आले तवा तर सहामधले दोन-तीन मधल्या स्टंपावर. फ्लेक्सची पार चाळण झाली. जोडलेले हात तर फाटून लोंबायला लागले.

घरी बी डाव्यानंच सगळं. ग्लास डाव्यानं, विळा डाव्यानं. एकदा भाकर डाव्यानं मोडायला लागला तर याडीनं मनगटावर चापट मारली. त्याची बायको दिपा मला म्हणली, "भावजी, हे झोपेत बी डावा हात फिरवतात. माह्या तोंडावर बसला काल." मी म्हणलं, "वहिनी, संक्रांतीपर्यंत जरा लांब झोपा."

मी मधीच एक सोपा उपाय सुचवला होता. यंदा भरवणारे आपण. रविंद्र बॉलिंग बी करतो. तो बॉलिंगला आला की आपण आक्षेप घेऊ, 'हा फेकी', निकाल आपलाच, माइक बी आपलाच. फिट्टंफाट! मला तर ते लईच आवडलं होतं. सुदामनं ड्रमचा दोर खाली टाकला अन् माह्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरलो. "खोटा आक्षेप त्याचं काम हाय. मला त्याची दांडी पाह्यजे. लोकांसमोर. याडीसमोर." मी म्हणलं, "बरं बाबा, दांडी तर दांडी."

पौष लागला. मंडपवाला ठरला, कर्णे ठरले, पत्रकं छापली. अन् एका संध्याकाळी विष्णुपंत मैदानावर आले, खुशीत. म्हणाले, "उद्घाटनाला पाहुणा मिळाला. जिल्ह्याचा माणूस. ट्रॉफीसुद्धा तेच देणार आहेत." मी विचारलं कोण. ते म्हणाले, "जवळ्याचे रविंद्र. आता युवक संघटनेचे जिल्हाध्यक्ष झालेत ना."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पंत, तुमाला दुसरं कोणी भेटलं न्हाई? आख्खा जिल्हा ओस पडला व्हता का? अन् तो तर खेळायला येऊन राहिला, उद्घाटन कसलं करतो?"

"नाही रे. त्यानं खेळणं सोडलं. राजकारणात वेळ मिळत नाही म्हणाला. टीम येणार, तो नाही खेळणार."

सुदाम ड्रमपाशी उभा होता. त्याच्या कानावर पडलं होतं सगळं. आख्खा हिवाळा त्यानं ज्या माणसासाठी हाडं झिजवली, तो माणूस बॅट हातात धरणारच न्हाई! हार घालून खुर्चीवर बसणार, अन् आमी त्याला शाल देणार! मी पिसाळलो होतो. पंत गेल्यावर काय काय बोललो ते लिहिण्यासारखं न्हाई. म्हणलं, गाडीची हवा सोडू. म्हणलं, खुर्चीचा पाय कापून ठेवू. म्हणलं, शालीत खाजकुयरी टाकू, ती तर तुरीच्या बांधावर फुकट भेटते. सुदाम ऐकत होता का न्हाई कोणास ठाऊक. फाटक्या फ्लेक्सकडं पाहत उभा होता. मग एकदम म्हणला, "मुन्ना, उद्घाटनाचा चेंडू तर खेळंल ना तो?"

मी खाजकुयरीचं बोलणं तिथंच सोडलं.

आमच्याकडं रीत आहे. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी पाहुणा पीचवर नारळ फोडतो, बॅट हातात घेतो, अन् अध्यक्ष त्याला एक चेंडू खालून हळूच टाकतात. अगदी लेकराला टाकावा तसा. पाहुणा बॅट लावतो, लोक टाळ्या पिटतात, फोटो निघतो, झालं उद्घाटन. पाहुण्याला बॅट लागलीच पाहिजे, न्हाई तर अपशकुन. एका वर्षी एका जाड्या पाहुण्याला चारदा टाकूनही लागंना, तवा विष्णुपंतांनी जवळ जाऊन चेंडू बॅटवर नेऊन टेकवला होता. तो चेंडू कधी कोणी सोडला न्हाई अन् कोणी जोरात टाकला न्हाई. तसा नियम कुठं लिहिलेला न्हाई. कोणाच्या मनातच येत न्हाई, तर नियम कशाला करतील?

सुदाम तसाच मंदिरात गेला, मी मागं मागं. पंत समईची वात सारखी करत होते. सुदाम म्हणला, "पंत, यंदा उद्घाटनाचा चेंडू मी टाकू का?"

विष्णुपंतांच्या डोळ्यात पाणीच आलं हो! भला माणूस. त्यांनी सुदामच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "सुदाम, मोठं मन लागतं याला. झालं गेलं विसरून तूच त्याला चेंडू टाकणार. मी माइकवर सांगतो सगळ्यांना." सुदाम खाली पाहत राहिला. मी बी खाली पाहिलं, पण हसू आवरत नव्हतं म्हणून. त्यांचा गैरसमज दूर करायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं न्हाई, अन् सुचलं असतं तरी केला नसता.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सुदामनं जीप धुतली, याडीला पुढच्या सीटवर बसवलं अन् मैदानाच्या कडेला अशी लावली की पीच सरळ तिच्या समोर. याडी नवी ओढणी घेऊन आली होती. बाया मंडपात बोलावत होत्या तर म्हणली, "मी हितंच बरी." माणसं तर विचारूच नका. गोरेगाव, तांडा, जवळ्याहून टेम्पो भरून आलेले, झाडावर चढलेले.

पाहुणा आला तो दोन तास उशिरा. पांढरा कुर्ता, फेटा, हार, मागं मोबाइल धरलेली चार माणसं. ट्रॉफी टेबलावर ठेवली, त्याच्याच नावाचा कागद चिकटवलेली. भाषण झालं. तरुणांनी व्यसनापासून दूर राहावं वगैरे. मग विष्णुपंत माइकवर म्हणाले, "मागच्या वर्षी ज्या दोघांत कटुता आली, ते दोघे आज एकत्र उद्घाटन करत आहेत. खेळ माणसाला मोठं करतो." टाळ्या पडल्या. रविंद्रनं नारळ फोडला, बॅट घेतली, पुन्हा माइक मागितला. बघा, माणूस सुधारत न्हाई तो न्हाईच. हसत हसत म्हणतो, "सुदामभाऊ, आज तरी हात सरळ करून टाका बरं का!"

पुन्हा तेच हसू. जवळ्याचा टेम्पो तर लोळायलाच लागला. मी स्टंपामागं बसलो होतो, हातमोजे घालून. विष्णुपंत मला म्हणाले होते, "उद्घाटनाला कीपर कशाला?" मी म्हणलं, "फोटोत येतो जरा."

सुदामच्या डाव्या हातात चेंडू होता. तो वळला अन् चालायला लागला. स्टंप सोडून मागं, अजून मागं. विष्णुपंत म्हणतात, "अरे, हा कुठं निघाला?" रविंद्र फोटोवाल्याकडं तोंड करून, बॅट टेकवून, दात काढून उभा. फ्लेक्सवर होता तसाच डिट्टो. मी म्हणलं, "साहेब, समोर बघा." हो, सांगितलं मी. नंतर कोणी म्हणू नये की बेसावध गाठलं.

त्यानं समोर पाहिलं तवा सुदाम धावायला लागला होता. ती धाव मी ओळखतो, आख्खा जिल्हा ओळखतो. कोणी तरी मंडपातून "अरे अरे" म्हणलं. रविंद्रच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. अन् पीचच्या जवळ येता येता सुदामनं चेंडू डाव्या हातातून उजव्यात घेतला.

वाकडा हात वर गेला. चेंडू मला दिसलाच न्हाई. खाड! मधली दांडी उपटून माह्या खांद्यावरून मागं गेली, दोनदा कोलांटली अन् सारवलेल्या मातीवर पडली. बॅट अजून टेकवलेलीच होती.

मग तांड्याकडून एक शिट्टी आली अन् मैदान फुटलं. झाडावरचे खाली पडायचेच बाकी राहिले. रविंद्र लालबुंद, हार एकीकडं सरकलेला, ओरडतोय, "फेकी! फेकी आहे हा! पंच कुठं आहे?" आमचे दोन्ही पंच मंडपात चहा पीत होते. कॉमेंट्रीला आमचा गोपीचंद होता, त्यानं गोड आवाजात सांगितलं, "साहेब, उद्घाटनाच्या चेंडूला पंच नसतो. आक्षेपबी नसतो." जवळ्याच्या टेम्पोतले दोघं-तिघं बी हसले, मी पाहिलं.

सुदाम पीचवरून चालत त्याच्याजवळ गेला. मला वाटलं आता कानाखाली देतो. त्यानं बाही वर केली, कोपर त्याच्यासमोर धरलं अन् म्हणला, "हा हात माह्या याडीनं पाठीवर वाहून वाचवलेला हाय. वाकडा हाय. तुह्या दांडीपर्यंत बराबर पोचला." गोपीचंदनं माइक लांब धरला होता, पण तो चालू होता. ऐकलं सगळ्यांनी.

रविंद्र गेला. जाताना टेबलावरची ट्रॉफी उचलून नेली, शपथ सांगतो! काखेत धरून नेली. विष्णुपंत कपाळाला हात लावून बसले, माह्याशी महिनाभर बोलले न्हाईत. स्पर्धा आमी बिनाट्रॉफीची खेळलो. सुदामनं डाव्या हातानं बॉलिंग केली, मार बी खाल्ला, दुसऱ्याच मॅचला बाहेर पडलो. कोणाला फिकीर? त्या दांडीचा व्हिडिओ हिंगोलीत असा फिरला की रविंद्र भाषणाला उठला की मागून कोणी तरी हमखास ओरडायचं, "साहेब, समोर बघा!"

मी सुदामला विचारलं, "अरे, आख्खा हिवाळा डावा घासला, अन् वेळेला उजवा काहून काढला?" तो म्हणला, "बेइज्जती उजव्याची झाली व्हती. डाव्यानं कशाला भरपाई द्यायची?"

पण ते नंतरचं. त्या सकाळी, रविंद्रची गाडी धुरळा उडवत गेली तवा मी पडलेली दांडी उचलली अन् धावत जीपकडं गेलो. माहेच डोळे भरून आले होते. सुदाम आधीच तिथं पोचला होता, आईसमोर उभा, घामानं निथळत. मी दांडी याडीच्या हातात दिली. म्हणलं, "याडी, पाह्यलं का? झालं ना मनासारखं?"

याडीनं दांडी हातात फिरवून पाहिली, टोकाची माती अंगठ्यानं पुसली. मग ओढणी सारखी करून मैदानाकडं नजर टाकली.

"पाह्यलं," ती म्हणली. "मधलीच गेली. बाजूच्या दोन तर उभ्याच हायेत."

सुदाम म्हणला, "याडी, उद्घाटनाला एकच चेंडू असतो."

"मंग पुढच्या साली बी त्यालाच बोलवा," याडी म्हणली. "अन् आता चल, गाडी काढ. बाजार भरला असंल, मला माही जागा धरायची हाय."